हसणाऱ्या घोड्याचा निकाल

वखारीमागच्या पटांगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. लोक भिंतीवर, लाकडाच्या ढिगांवर, जमेल तिथे चढून बसले होते आणि एका घोड्याच्या हसण्याची वाट बघत होते. शिकलेसवरलेले लोक होते बरं का. दोघेतिघे तर शाळेत विज्ञान शिकवणारे.

घोडा काळाभोर, अंगाने भरलेला. शेजारी उंच पाटावर अश्वबाबा. पद्धत ठरलेली होती. नवऱ्याने यायचं, मनातली शंका बाबाच्या कानात सांगायची आणि बायकोचा रुमाल पुढे करायचा. शिष्य तो रुमाल पितळी चिमट्यात धरून घोड्याच्या नाकाशी नेई. कारण माणसाचा हात लागला की म्हणे सत्य मळतं. घोड्याने नुसतं हुंगून तोंड फिरवलं तर बायको निर्मळ. पण वरचा ओठ उलटा करून, दात विचकून, मान आभाळाकडे करून तो हसला, तर बाईचा निकाल लागला.

"मनुष्य फसतो, अश्व फसत नाही!" बाबा गरजत. "पापाला वास असतो, भक्तांनो! तुमच्या बोटभर नाकाला तो काय कळणार?"

पटांगणातली सगळी बोटभर नाकं शरमेने खाली जात.

मागच्या आठवड्यात घोडा माझ्या ताईच्या रुमालावर हसला होता.

माझे भाऊजी कुलपं दुरुस्त करतात. कसलंही कुलूप केसाच्या पिनेने उघडतात, पण स्वतःच्या डोक्याची किल्ली त्यांना आजवर सापडलेली नाही. ताईला चष्म्याच्या दुकानात बढती मिळाली, घरी यायला तासभर उशीर होऊ लागला, आणि यांच्या पोटात दुखायला लागलं. घोडा हसल्यावर त्यांनी ताईची बॅग दाराबाहेर ठेवली आणि सहा वर्षांच्या माझ्या भाचीला दाराआड. "अशा बाईजवळ माझी लेक वाढणार नाही," म्हणाले. ताई माझ्याकडे आली. रडली नाही, धड जेवलीही नाही. रोज शाळेच्या फाटकाशी जायची, लेकीला लांबून बघायची आणि परत यायची. मला भाऊजींचा असा राग आला होता, की घोड्यावर रागवायचं राहूनच गेलं.

मी जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. न राहवून डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. एका गाईच्या खुराला पट्टी बांधता बांधता त्या थांबल्या.

"ओठ उलटा करतो? मान वर?"

"हो."

"अरे, मग तो हसत नाही. चौकशी करतोय."

"कसली?"

"सोयरिकीची म्हण हवं तर! रविवारी जाऊ या. आपला एक चिमटा उकळून घे बरोबर."

रविवारी ताई स्वतःच गर्दीतून पुढे झाली. "माझा रुमाल पुन्हा हुंगवा."

"एकदा लागला तो निकाल!" बाबा कडाडले. पण लोकांना फुकटचा तमाशा दोनदा मिळत असेल तर कोण सोडतो? "होऊन जाऊ दे!" असा गिल्ला झाला.

"घोडा तोच, रुमाल तोच," डॉक्टरबाई म्हणाल्या, "फक्त चिमटा आमचा."

शिष्याचा चेहरा पडला. "मंतरलेल्या चिमट्याशिवाय अश्व बोलत नाही!" बाबा म्हणाले.

"न बोलू दे. हुंगेल तर खरं."

घोड्याने हुंगलं. मग ताईचा रुमाल ओढून घेतला आणि शांतपणे चघळायला लागला.

लोक खो खो हसत असतानाच डॉक्टरबाईंनी शिष्याच्या कमरेला खोचलेले चिमटे काढले. एक नव्हे, दोन निघाले. एक कोरडा. दुसऱ्याच्या टोकाला पत्र्याखाली ओला बोळा. तो रिकामा चिमटा त्यांनी घोड्यापुढे धरला. ओठ उलटला, दात दिसले, मान वर गेली.

"रुमाल नाही, बाई नाही, पापही नाही," बाई म्हणाल्या. "तरी हसतोय."

मग तोच बोळा त्यांनी हळूच बाबांच्या दाढीवर टेकवला. घोडा नुसतं हसून थांबला नाही. तो दावं ओढत बाबांकडे अशा प्रेमाने निघाला, की बाबांनी एका उडीत लाकडाचा ढीग गाठला.

"बोळ्यात माजावर आलेल्या घोडीचं मूत आहे," बाई सांगू लागल्या. "घोड्याच्या नाकाच्या तळाशी, टाळूच्या वर, असले वास ओळखणारा एक खास अवयव असतो. ओठ दुमडला की नाकपुड्या मिटतात आणि वास तिकडे ओढला जातो. तिथून निरोप मेंदूला जातो, मेंदू अंगातल्या हार्मोन्सना हलवतो, आणि घोडा घोडीच्या मागे लागतो. माणसात या अवयवाचा अवशेष तेवढा उरलाय. तो काही काम करतो याचा पुरावा नाही. घोड्याला घोडी कळते. तुमच्या बायका कुठे जातात ते त्याला कळत नाही, आणि त्याची त्याला पर्वाही नाही."

भाऊजी पुढे आले. "घोड्याने फसवलं गं मला. चल घरी."

"घोड्याने तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं," ताई म्हणाली. "त्या बाबाच्या कानात तुम्हीच मला खात्रीने वाईट ठरवलंत, म्हणून माझ्या वाट्याला ओला चिमटा आला. आज डॉक्टरबाई आल्या नसत्या, तर मी कायमची तशीच बाई ठरले असते ना?"

ताई पटांगणाबाहेर निघाली.

"मी लेकीला आणायला चाललेय. काही विचारायचं असेल तर भावाकडे या, आणि मला विचारा."

त्या दिवसापासून भाची आमच्याकडे आहे. भाऊजी रोज कोपऱ्यापर्यंत येतात आणि परत जातात.

वाचकहो, घोड्याला दोष देऊ नका. त्याने आपलं नाक इमानाने वापरलं. आपण आपलं डोकं वापरलं नाही. चमत्कार दाखवणाऱ्याला म्हणा, घोडा तुझा राहू दे, चिमटा आमचा. आणि घरच्या माणसाबद्दल शंका आली, तर त्या माणसालाच विचारा. त्याला हिंमत लागते, घोडा लागत नाही.