पुन्हा साधं तेल

…सुटत नव्हता थेंब. इंजिन जिथं पंपाला जोडलंय तिथं, दांड्याखाली तो फुगत होता, मधासारखा पिवळा, आत ओढ्यावरचं ऊन घेऊन – आणि नीता उकिडवी बसून बघत होती, जणू तो कुठल्या क्षणी पडतो यावरून तिला काही कळणार होतं. पडला. वाळूवर डाग उमटला आणि दुसरा फुगायला लागला.

साधं तेल होतं तोवर हे इंजिन गळत नव्हतं. कित्येक उन्हाळे काळंकुट्ट तेल पोटात घेऊन त्यानं ओढ्याचं पाणी वर चढवलं होतं. मग नाशिकच्या दुकानदारानं सिंथेटिक तेलाचा डबा पुढं केला – इंजिन थंड राहील, झीज कमी होईल – आणि तिला ते तत्काळ पटलं, कारण एकसारखे रेणू, उष्णतेत लवकर न मोडणारे… कॉलेजात घोकलेलं काहीतरी इथं, वांगणी गावात पहिल्यांदाच कामाला येत होतं. आलंही. नव्या तेलानं आतला मळ धुऊन काढला. आणि तेल अडवणाऱ्या झिजलेल्या सीलच्या फटी त्या मळानंच बुजवलेल्या होत्या. हे आता तिला लख्ख दिसत होतं. डबा संपला होता. दुसरा आणला असता तरी तोही वाळूतच गेला असता.

मोखाड्यात मिळतं ते साधं, दाट तेल, फटींतून सहज न गळणारं. ते काल आणलं होतं, पण तिथल्या वामन मेस्त्रीनं बजावलं होतं, "ताई, आता परत साधं टाकू नका. एकदा सिंथेटिक प्यायलेल्या इंजिनाला साधं पचत नाही. जाम होईल." त्यापेक्षा इंजिन माझ्याकडं आणून ठेवा, नवं सील मुंबईहून येईल. कधी, असं विचारल्यावर तो नुसता हसला होता.

आणि वर उतारावर मोगरा. कळ्या धरलेला, दोन दिवस तहानलेला. दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या बाया या वर्षी गेल्या नव्हत्या, कारण नीता त्यांच्या अंगणात बसून म्हणाली होती की राहा, मोगरा लावू, पाण्याचं मी बघते… मी बघते. किती सोपं वाटलं होतं तेव्हा.

गोजाबाई, नीताच्या बापाची बहीण, रिकामी घागर आपटून खडकावर बसली. "दारूच्या मडक्यात दूध घालतात का गं? कितीबी धुव, आत राहिलेलं नव्याला नासवणारच."

"दूध नाही ना ते, आते. दोन्ही तेलंच. एकात एक मिसळतात."

"मिसळतात म्हणं," घागरी घेऊन ताटकळलेल्या बायांतली सुकरी म्हणाली. "बाटलीत मिसळवून रातभर राखत बसली व्हती. आता तिचं बारसं कर." बाया हसल्या, मग सुकरी हसायची थांबली. "भट्टीवर गेलो असतो तर विटा तरी थापल्या असत्या."

बाटली खरीच होती. दोन्ही तेलं त्यात एकजीव झाली होती, थर नाही, गाळ नाही. पण बाटली तापत नाही, बाटलीत पिस्टन धावत नाही… वामनच्या हातून शंभर इंजिनं गेली असतील, आपल्या हातून एक. त्याचं खरं असलं तर? आपलं खरं असूनही हे म्हातारं इंजिन आजच बसलं, तर त्या फरकाचा मोगऱ्याला काय उपयोग? – विचार इथवर आला आणि तिला जाणवलं की सकाळपासून आपण बरोबर ठरायची वाट बघत बसलोय. पाणी तर चढवायचं आहे.

ती उठली. जरा वेळ चालवून कोमट केलेल्या इंजिनाचा खालचा बोल्ट तिनं सोडला. उरलंसुरलं तेल घमेल्यात उतरलं. शेवटचे थेंब आत राहिले, राहणारच, राहू देत. बोल्ट आवळला. साधं तेल खुणेपर्यंत ओतलं, तेल मोजायची दांडी पुसून पुन्हा बुडवून पाहिली. गोजाबाई तोंडानं काही पुटपुटली आणि तिनं इंजिनाच्या टाकीवर ओला हात फिरवला, व्यायलेल्या गाईच्या पाठीवर फिरवावा तसा. नीतानं तिला अडवलं नाही.

दोरी गुंडाळली. ओढली. काही नाही. पुन्हा ओढली, खोकला, निळा धूर, मग धडधड… पाइप ताठ झाला आणि बाया घागरी टाकून उताराकडे पळाल्या. सुकरी तेवढी थांबली. इंजिनाच्या आवाजावर ओरडून तिनं विचारलं, "मधीच बंद पडंल का गं?"

खरं उत्तर दोनच शब्दांचं होतं. तोंडी परीक्षेत ते जिभेवर आले की नीताच्या हाताला घाम फुटायचा. ते ती कधी उच्चारतच नसे, काहीतरी जवळपासचं बोलून वेळ मारून न्यायची.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी बसते इथं."

सुकरीनं मान हलवली आणि ती गेली. नीतानं तळवे पाहिले – काळे, कोरडे. गरम होत चाललेल्या पत्र्याच्या इतक्या जवळ ती बसली की धडधड बरगड्यांत जाणवू लागली, आणि ती ऐकू लागली. सिद्ध काही होतंय का म्हणून नाही, नुसती, पुढचा ठोका येईल तसा…