धुतलेली मुळं

माझ्या नणंदेने आमच्याकडे येणं सोडलं त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचं फारसं दुःख नव्हतं. अक्का घरात आली की आधी स्वयंपाकघरात शिरते आणि डब्यांची झाकणं उघडून वास घेते. सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून केल्यामुळे तिच्या मते जगातली प्रत्येक वस्तू वापरण्याआधी उकळून घ्यायला हवी. माणसंसुद्धा. तरी त्या दिवशी तिला फोन केला तो मीच, आणि तोही एका झाडासाठी.

झाड म्हणजे आमच्या गॅलरीतलं जुनिपरचं बोन्साय. मूळचं सासऱ्यांचं. हातभर उंची, वय मात्र आमच्यापैकी कुणाहीपेक्षा जास्त. खोडाचा अर्धा भाग कधीकाळी वाळून पांढराफटक पडला होता आणि उरलेल्या अर्ध्यावरून सालीची एक पट्टी वर चढत गेली होती. तेवढ्या पट्टीवर वरचा सगळा हिरवा पसारा जगत होता. सासऱ्यांमागे ते आमच्या ह्यांच्याकडे आलं. ह्यांनी ते पोटच्या पोरासारखं सांभाळलं असं लोक म्हणायचे. आमचा पोरगा ते ऐकून हसायचा, कारण त्याच्याकडे कुणी इतकं निरखून कधी बघितलं नव्हतं.

हे घड्याळजी. तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू चिमट्याने उचलणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी हातांना कंप सुटला आणि दुकान बंद करावं लागलं. कपबशी घेऊन चालत आले की बशी आधी ऐकू येते, मग हे दिसतात. त्याच सुमारास झाडाचीही रया जायला लागली. कुंडीतली माती दगडासारखी घट्ट झाली होती, पाणी घातलं की वरच तळं साचायचं. शेंडे निस्तेज, एक फांदी पिवळी.

"थंडी सरल्यावर माती बदलली नाही तर संपलं हे," हे म्हणाले.

"मी बदलते की."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू मनीप्लांट मारलास."

आता मनीप्लांट कधी मरतं का? पण मी मारलं होतं, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. नर्सरीवाल्याला बोलवू म्हटलं, तर त्याचे हात घाईचे. "या कामाला लागतात तसे हात एकाच माणसाचे आहेत," असं म्हणून हे गॅलरीबाहेर बघत बसले. माणसाचं नाव घेतलं नाही. मी उठले आणि फोन लावला.

अक्काने येणं का सोडलं तेही सांगते. सासरे अंथरुणाला खिळले होते. अक्काची ड्यूटी असेल तेव्हा हे त्यांच्या उशाशी बसत. त्या दुपारी सासऱ्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "झाडाला पाणी घातलंस का रे?" हे म्हणाले, घालतो नंतर. "आधी घाल," सासरे म्हणाले. मी दारात औषधाची वाटी घेऊन उभी होते, माझ्या कानांनी ऐकलंय. हे गॅलरीत गेले, मी वाटी धुवायला गेले. हे परत आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. अक्का गणवेशातच धावत आली आणि भरल्या घरात ओरडली, "बाप जात होता आणि तू झाडाला पाणी घालत होतास!" ह्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, अहो, तिला खरं काय ते सांगा. तर म्हणाले, "आता बाबांवर ढकलू?" आणि मलाही तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, तरी बसले.

अक्का आली ती चिमटे आणि कात्र्या उकळून, पांढऱ्या कापडात गुंडाळून, वर ऑपरेशनचे पातळ हातमोजेही घेऊन. भावाबहिणीने एकमेकांकडे बघितलंच नाही. दोघं झाडाकडे बघत उभी राहिली.

"कधीपासून असं आहे?" अक्काने विचारलं.

"दोन वर्षं."

"आणि हात?"

"तेही तेव्हापासूनच."

झालं, इतक्या वर्षांचं बोलणं एवढ्यात उरकलं.

गॅलरीत टेबलावर प्लॅस्टिक अंथरलं. कुंडीखालच्या तारा कापल्या, कडेने पातळ सुरी फिरवली आणि अक्काने झाड अलगद वर उचललं. मुळांचा आणि मातीचा गोळा कुंडीच्याच आकाराचा निघाला. हे खुर्चीत बसून सांगत होते. बांबूच्या काडीने बाहेरून आत यायचं, मूळ ओढायचं नाही, सोडवायचं. कुजलेलं तेवढंच कापायचं. "आणि अक्का, फक्त ही डावी बाजू. उजव्या बाजूला हात लावायचा नाही, ती पुढच्या वर्षी. म्हाताऱ्या झाडाची सगळी माती एकदम काढत नाहीत."

"कळलं रे छोट्या."

छोट्या! डोक्यावरचे उरलेसुरले केस पांढरे झालेला माणूस, पण त्या हाकेने ह्यांचा चेहरा असा सैलावला की मी दुसरीकडे बघितलं. माझा सगळा राग बाजूला ठेवून सांगते, अक्काचे हात बघत राहावं असे होते. केसाएवढं बारीक मूळसुद्धा तुटत नव्हतं.

डावी बाजू होत आली तेव्हा ह्यांची गोळीची वेळ झाली. गोळी घेतल्यावर थोडं पडावं लागतं, नाहीतर तोल जातो. मी त्यांना आत नेऊन आडवं केलं आणि पाय चेपत बसले. बाहेरून नळाचा आवाज येत होता. मला वाटलं, अक्का हात धूत असेल. तिचं ते चालूच असतं.

आम्ही परत आलो तेव्हा अक्का झाड दोन्ही हातांत धरून उभी होती. मुळं लांब, स्वच्छ लोंबत होती आणि त्यांतून पाणी टपकत होतं. डावी बाजू आणि उजवी बाजू ओळखू येत नव्हती.

"अरे, त्या बाजूला सगळी बुरशी होती," ती म्हणाली. "पांढरे धागे नुसते, आतपर्यंत. आणि कुबट वास. अर्धी घाण आत ठेवून कुणी टाके घालतं का? नळाखाली धरून साफ केलं सगळं. एक कण ठेवला नाही."

हे दाराची चौकट धरून उभे होते. मुळांकडे बघितलं, मग अक्काच्या तोंडाकडे. ती दमली होती, पुढचे केस कपाळाला चिकटले होते, आणि शाळेतून पहिला नंबर घेऊन आल्यासारखी उभी होती.

"छान केलंस," हे म्हणाले. "आता बसव कुंडीत."

झाड नव्या कुंडीमातीत, म्हणजे पाणी न साचणाऱ्या बारीक खडीत बसलं. तारांनी बांधलं, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी घातलं. अक्काने चहा घेतला, वर आणखी अर्धा कप मागून घेतला, आणि निघताना म्हणाली, "उद्या येऊन बघते कसं आहे."

दार लागल्यावर मी म्हटलं, चला, सुटलो. हे गॅलरीत बसले होते.

"गेलं ते," हे म्हणाले.

"कोण?"

"झाड. ती बुरशी रोगाची नव्हती गं. जुनिपरची मुळं तिच्याच जिवावर पाणी पितात. अंगात ताकद असती तर कदाचित तगलं असतं. हे आधीच अर्धमेलं."

मी भडकले. तिला आधी सांगायला काय झालं होतं म्हणून विचारलं.

"बुरशी धुवायची नाही, हे सांगावं लागतं हेच माझ्या डोक्यात आलं नाही. मला बाबांनी कुठे सांगितलं होतं? बघून बघून कळलं." हात मांडीखाली दाबून ठेवले होते, तरी मांडी हलत होती. "आता तू काही बोलायचं नाहीस. जुनिपर गेला तरी लगेच दिसत नाही. महिनोन् महिने हिरवा राहतो."

"म्हणजे? तोवर करायचं काय?"

"काही नाही. ती उद्या येते म्हणाली आहे."

अक्का दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली, आणि मग रोजच यायला लागली. दुपारचं जेवण उरकलं की बेल. हातमोजे चढवून झारी तिनेच हातात घ्यायची असं आपोआप ठरून गेलं. ती पाणी घालायची आणि हे खुर्चीतून म्हणायचे, "पुरे गं अक्का, मुळं कुजतील." "तू मला शिकवू नकोस," असं म्हणत ती आणखी चार थेंब घालायचीच. मग ती ह्यांची नखं कापून द्यायची. मी कापायला गेले की हे हात मागे घेतात, तिच्यापुढे निमूट धरायचे. लहानपणी कोण कुठल्या जिन्यावरून पडलं आणि मार कुणाला बसला यावर दोघं तावातावाने भांडायची. माझ्या डब्यांची झाकणं पुन्हा उघडली जाऊ लागली. वडिलांचा विषय मात्र कुणी काढला नाही.

आणि हे सगळं एका मेलेल्या झाडाच्या जिवावर चाललं होतं. मी सकाळी उठले की आधी गॅलरीत जायची. ज्या झाडाचा मी आयुष्यभर दुस्वास केला त्याला मनातल्या मनात विनवायची, बाबा रे, अजून थोडे दिवस कळ काढ. ह्यांना इतकं हसताना मी कधी बघितलं होतं ते मला आठवत नव्हतं. आणि ते बघून मला धड आनंदही होत नव्हता.

"अजून नवीन फूट कशी नाही?" अक्का विचारायची.

"जुनिपरला वेळ लागतो," हे म्हणायचे.

उन्हं तापायला लागली तसा हिरवा रंग विटला. धुऊन धुऊन कापडाचा विटतो तसा. मग मागच्या फांदीचे शेंडे तपकिरी झाले. ह्यांनी कुंडी फिरवून ती बाजू भिंतीकडे केली. दुसरी फांदी गेली तेव्हा मी अक्का यायच्या आधी नखं कापायच्या कात्रीने शेंडे छाटले आणि कागदात बांधून केराच्या डब्यात तळाशी घातले. दोन म्हातारी माणसं भरदुपारी आपल्याच गॅलरीत चोरी करत होती. कुणाला फसवायला, तर जिने उभी हयात मरणाऱ्या माणसांशेजारी काढली तिला.

एका दुपारी अक्काने झारी उचललीच नाही. तिने कुंडी फिरवली. हात लागताच फांदीवरचं वाळलेलं खाली फरशीवर सांडलं. तिने खोडावरच्या सालीच्या पट्टीवर हातमोज्यातूनच नख ओढलं आणि वाकून बघितलं. आत हिरवं काही नव्हतं.

"कधी गेलं?" तिने विचारलं.

ह्यांना काहीही सांगता आलं असतं. ऊन लागलं, म्हातारं होतं, वेळ भरली होती. पण मरणाच्या वेळा आयुष्यभर टिपून ठेवलेल्या बाईला खोटी वेळ सांगायला ह्यांची जीभ उचलेना.

"तू धुतलंस त्याच दिवशी."

"ती बुरशी?"

"हो."

"आणि तू म्हणालास, छान केलंस."

हे फरशीवर सांडलेलं वाळकं बघत होते.

"इतके दिवस मी मेलेल्या झाडाला पाणी घालत होते? आणि तू बघत होतास?" तिचा आवाज चढला. "का रे?"

"तू रोज येत होतीस," हे म्हणाले.

अक्का टेबलाला टेकली. बराच वेळ ती हातमोजे काढायचा प्रयत्न करत होती आणि ते निघत नव्हते. "मला बोलायचंस तरी," ती म्हणाली. "मी तुला नव्हते बोलले? बाबा गेले तेव्हा, सगळ्यांच्या देखत?"

"जाऊ दे गं."

'जाऊ दे' ऐकलं आणि माझा बांध फुटला. "काय जाऊ दे?" मी म्हटलं. "अक्का, बाबांनीच पाठवलं होतं ह्यांना पाणी घालायला. आधी घाल, म्हणाले. मी ऐकलंय. आणि हे इतकी वर्षं गिळून बसलेत, मलाही बोलू देत नाहीत!"

"अगं ए!" हे खुर्चीच्या हातावर मूठ आपटून ओरडले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

अक्काने माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. मग पर्स उचलली, हातमोजे न काढताच चपला घातल्या आणि गेली. लिफ्टची वाटसुद्धा बघितली नाही. तिचा चहा ओट्यावर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली नाही. त्यानंतरही नाही. फोन केला तर उचलला जात नव्हता. हे माझ्याशी कामापुरतं बोलायचे, तेही भिंतीकडे बघून. मी चुकले की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बोलले नसते तर ती आली असती का? झाड उघडं पडल्यावर तिला यायला कारण तरी काय उरलं होतं? दुपारी हे झारी भरून ठेवायचे, निम्मं पाणी वाटेत सांडायचं. ती झारी तशीच राहायची. झाड आता अख्खं तपकिरी झालं होतं. टाकून देऊ का, असं मी एकदा विचारलं. ह्यांनी कुंडी आपल्या खुर्चीजवळ ओढून घेतली. नखं वाढली होती, ती मला कापू दिली नाहीत.

मग एका दुपारी बेल वाजली. दारात अक्का. चेहरा उतरलेला, हातमोजे नाहीत, पर्स नाही. मी बाजूला झाले. ती माझ्याशी बोलली नाही, स्वयंपाकघराकडे वळलीही नाही. सरळ गॅलरीत गेली. हे उठायला लागले, तर तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं.

तिने झारी उचलली आणि त्या वाळलेल्या झाडाला पाणी घालायला लागली. पाणी खडीतून सरळ खाली गेलं, ताटली भरली, ओसंडून फरशीवर आलं, माझ्या पायांपर्यंत आलं. तरी ती घालतच होती. तिच्या हनुवटीवरूनही पाणी टपकत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मी पुढे झाले नाही.

ह्यांनी थरथरता हात लांब केला आणि झारी धरलेलं तिचं मनगट धरलं.

"पुरे गं अक्का," हे म्हणाले. "मुळं कुजतील."