घोड्याचा लगाम धरलेला माणूस

चित्रकारांना जेवू घालायचं काम कुणी पत्करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी पत्करलं, कारण ती गोल इमारत आमच्या गल्लीच्या टोकाला होती आणि मिलवॉकीत त्या हिवाळ्यात विधवा बाईला दुसरं काम मिळत नव्हतं. म्युनिकहून आलेले हे लोक. हात धुवायचे नाहीत, निळी बोटं माझ्या धुतलेल्या टेबलक्लॉथला पुसायची, आणि वर विचारायचं, लेनर्टबाई, आज सॉसेज एवढंसंच? मीही तिकडचीच, बव्हेरियाची आहे, माझी जीभ काही कुणाकडे गहाण नाही. जेवढं विचारायचे त्याच्या दुप्पट ऐकून जायचे.

काम मात्र त्यांचं बघण्यासारखं होतं, हे कबूल करते. इमारतीच्या आतून भिंतीला धरून सगळीकडून एकच कापड टांगलेलं, चांगलं तीन मजले उंच, आणि त्याच्यावर लढाई. अमेरिकेतली उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं आपसात लढली त्या वर्षांतली, जॉर्जियातल्या एका टेकडीवरची. मधोमध लाकडी मचाण. पुढं लोक तिकीट काढून त्या मचाणावर चढणार आणि गोल फिरून चहूकडे लढाई बघणार. जवळून बघाल तर नुसते रंगाचे फटकारे, नाक कुठलं नि कान कुठला कळायचं नाही. म्हणून मुख्य चित्रकार फाल्टिन मचाणावर उभा राहायचा आणि तोंडाला कर्णा लावून खालच्यांवर ओरडायचा. घोडा जाड झाला, धूर कमी कर, त्या मेलेल्याचा पाय केवढा लांब झालाय बघ जरा.

ती टेकडी जिंकली जनरल पेनिमननं. चित्राचा खर्च त्याच्या हाताखालच्या जुन्या अधिकाऱ्यांच्या समितीनं उचलला होता, त्यामुळं चित्रात जनरल कुठं असणार हे सांगायला नको. दारातून मचाणावर चढलं की पहिली नजर जाईल तिथं, तपकिरी घोड्यावर, तलवार उगारून, आकाशाकडं बघत.

त्याच टेकडीवर माझा नवरा गेला. आन्सेल्म. तिथंच कुठंतरी सगळ्यांबरोबर पुरलाय म्हणतात. त्याचा फोटो नाही. गणवेश मिळाला की काढू म्हणाला होता, आणि गणवेश मिळाला त्याच आठवड्यात पलटण निघाली. निघाली त्या दिवशी मी पोट घेऊन गर्दीतून वाट काढत स्टेशनच्या रस्त्याला पोचेपर्यंत त्याची रांग पुढं गेलेली. मला दिसली ती पाठ. शेकडो निळ्या पाठींतून ओळखली मी, डावा खांदा जरासा खाली, मान पुढं काढलेली. हाका मारल्या. पण बँड वाजत होता.

मुलगा झाला, त्याचं नाव रूपर्ट. आता तो बिअरच्या कारखान्यात पिंपं वाहतो, चांगला दांडगा गडी झालाय. चित्रकारांना बिअर पोचवायला तोच यायचा. आता या लोकांची रीत अशी, की चित्रात माणूस हवा असला की समोर येईल त्याला धरायचं, जुना फौजी कोट चढवायचा आणि उभं करायचं. आमच्या गल्लीतला न्हावी तीनदा मेलाय त्या चित्रात. एका दुपारी फाल्टिनला जनरलच्या घोड्याचा लगाम धरायला शिपाई हवा होता. रूपर्ट पिंप खाली ठेवत होता, त्यालाच धरला.

मी सूपचं भांडं घेऊन आत आले तर समोर आन्सेल्म उभा. पाठमोरा. निळा कोट, डावा खांदा खाली, मान पुढं. भांडं कसंबसं खाली ठेवलं आणि तिथल्याच एका खोक्यावर बसले. वीस वर्षं झाली होती. इतकी वर्षं मी रडले नव्हते असं नाही, पण त्या दिवशी मला रडू आलं नाही, नुसती भूक लागल्यासारखं झालं. मग तो वळला आणि म्हणाला, आई, सूप थंड होतंय. आणि तो रूपर्ट झाला.

त्या दिवसापासून चित्रकारांचं जेवण उरकलं की मी मचाणावर चढायचे. गुडघे दुखायचे, पण चढायचे. फाल्टिननं तो शिपाई काढला होता तसाच्या तसा, जनरलकडं तोंड आणि आपल्याकडं पाठ. माझी काही तक्रार नव्हती. तेवढाच तर मला ठाऊक होता. रूपर्टही कधी कधी येऊन शेजारी उभा राहायचा. त्यानं बापाला कधी बघितलं नव्हतं, म्हणून तो त्या पाठीकडं जरा लाजल्यासारखा बघायचा, जशी काही स्वतःचीच नाही.

मग एक दिवस समितीचे कॅप्टन क्रॉस्बी आले. मचाणावर चढले, चष्मा पुसला, आणि त्यांचं डोकंच फिरलं. ‘जनरलसाहेबांच्या शेजारी लोकांनी काय बघायचं? शिपायाचं ढुंगण?’ असं सरळ म्हणाले, मी तिथं उभी असताना. त्यांचं म्हणणं, एक तर त्या माणसाला वळवा, नीट चेहरा द्या, नाहीतर पुसून तिथं झाड काढा. शनिवारी खुद्द जनरल बघायला येणार होते, त्याआधी व्हायला पाहिजे.

फाल्टिन वाईट माणूस नव्हता. संध्याकाळी कोळशाची कांडी आणि कागद घेऊन स्वयंपाकघरात आला. मी बटाटे सोलत होते. म्हणाला, ‘लेनर्टबाई, झाड नाही काढत मी. त्याला वळवतो. तुम्ही फक्त चेहरा सांगा.’

रूपर्ट तिथंच पाव खात बसला होता. तो म्हणाला, त्यात काय, माझाच काढा की. बापासारखाच दिसतो मी, आईच म्हणते.

आता काय सांगायचं या पोराला. लहानपणी रडायचा तेव्हा म्हटलं होतं मी तसं, मुलाला दुसरं काय सांगणार. पण खरं म्हणाल तर तो मागून तेवढा आन्सेल्मचा आहे. पुढून तो माझ्या वडिलांचा, तेच बटाट्यासारखं नाक, तेच कान. ‘तुझा नको,’ मी म्हटलं. ‘तुझा चेहरा लावला तर तिथं तुझे आजोबा उभे राहतील, आणि ते कधी लढाईला गेले नाहीत. गेले असते तर पहिल्या दिवशी पळून आले असते.’ रूपर्ट हसला, पण त्याला लागलं असावं, कारण पाव अर्धा ठेवून उठला.

मग फाल्टिन विचारायला लागला. कपाळ मोठं का? भुवया दाट? नाक सरळ? मी सांगत गेले, तो काढत गेला. काढलेलं दाखवायचा आणि मी मान हलवायची. माझं मलाच कळेना मी काय सांगतेय. कपाळ सांगितलं ते आन्सेल्मच्या भावाचं निघालं, डोळे सांगितले ते आमच्या पाद्रीबाबांचे. त्याचा हात आठवत होता, अंगाचा वास आठवत होता, झोपेत कूस कशी बदलायचा ते आठवत होतं. चेहरा धरायला गेलं की तिथं नुसता उजेड. कधी गेला तो चेहरा माझ्या डोक्यातून? एका दिवसात नसेल गेला. हळूहळू गेला आणि मी आपली दुसऱ्यांचे टेबलक्लॉथ धूत बसले.

शेवटी फाल्टिननं एक काढला. देखणा होता. सरळ नाक, शांत डोळे. चित्रात शोभला असता. फाल्टिन दमला होता, मीही दमले होते, आणि मला वाटलं म्हणावं हो, हाच. कुणाला कळणार होतं? पण मग रोज मचाणावर चढून त्या परक्या माणसाकडं बघत बसले असते, आणि काही वर्षांनी मला तोच आन्सेल्म वाटायला लागला असता. जेवढा उरला होता तेवढाही गेला असता. मी कागद त्याच्या हातातून घेतला आणि चुलीत घातला.

‘झाड काढा,’ मी म्हटलं.

फाल्टिननं झाड काढलं नाही. शनिवारपर्यंत हातच लावला नाही, दुसरीकडं धूर रंगवत बसला.

शनिवारी जनरल पेनिमन आले. चित्रातला ताठ, आणि हा म्हातारा, जाडजूड, एका पायानं लंगडणारा. मचाणाच्या पायऱ्या चढताना निम्म्यात थांबून धापा टाकल्या. मला वर कॉफी घेऊन उभं राहायला सांगितलं होतं, म्हणून मी होते. क्रॉस्बी पुढं पुढं करत होते. हे बघा साहेब, ही तुमची तलवार, हा तुमचा घोडा, डोळ्यांतलं तेज बघा.

जनरल बराच वेळ स्वतःकडं बघत राहिले. आवडलं असं काही वाटलं नाही. मग काठीनं दाखवून विचारलं, घोड्यापाशी तो कोण?

क्रॉस्बी म्हणाले, माफ करा साहेब, ती चूक आहे, सोमवारी पुसतोय.

‘तो माझा आहे,’ मी म्हटलं. आणि कॉफीची थाळी कठड्यावर ठेवली.

जनरलनी टोपी काढली. कुठली पलटण विचारली. मी सांगितली. त्यांनी मान हलवली, ती पलटण त्यांना चांगली आठवत होती, किती गेले होते तेही. मग मला राहवेना. माझं इंग्रजी तोडकंमोडकं, पण विचारायचं ते विचारलं. म्हटलं, साहेब, तुम्ही कधी त्याला बघितलं होतं का हो? आन्सेल्म लेनर्ट. तुमच्या मागं पुढं कधी असेल. कसा दिसायचा तेवढं सांगा. मला आठवत नाही.

मला वाटलं होतं थाप मारतील. मोठी माणसं मारतात, बाईमाणसाचं समाधान करायला. हो हो, शूर गडी होता वगैरे. तसं म्हणाले असते तर मला त्यांची चीड आली असती.

ते म्हणाले, ‘बाई, मी मागं असायचो. हुकूम द्यायचा आणि ते पुढं जायचे. जे परत आले त्यांची तोंडं मी बघितली. जे आले नाहीत त्यांच्या मला फक्त पाठी माहीत आहेत.’ मग चित्राकडं बोट करून म्हणाले, ‘हा मला ओळखता येतो.’

खाली एक जण परांचीवर शिट्टी वाजवत होता, त्याला कुणीतरी गप्प केलं.

क्रॉस्बींनी एकदा घसा साफ केला आणि म्हणाले, पण साहेब, लोक काय म्हणतील. जनरल त्यांच्याकडं न बघता फाल्टिनला म्हणाले, ‘याला हात लावायचा नाही. बदलायचंच असेल तर मला बदला. मी आकाशाकडं काय बघतोय? तिथं काय ठेवलंय? डोळे खाली करा माझे. याच्याकडं बघू द्या. एकाचं तरी तोंड बघू द्या मला.’

कॉफी न पिताच खाली उतरले. उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतला, आणि जड होते, खरंच सांगते.

फाल्टिननं सोमवारी जनरलची मान खाली वळवली. तलवार खाली आणली, उगारलेली तलवार त्या चेहऱ्याला शोभेना. आता घोड्यावरचा माणूस लगाम धरलेल्या माणसाकडं बघतो, बाकी लढाई चाललीय तिकडं त्याचं लक्षच नाही. चित्र बघायला पहिल्याच आठवड्यात एवढी गर्दी झाली की मचाण करकरायला लागलं. येणारे सगळे म्हणायचे, जनरलच्या डोळ्यांत काय आहे बघा. फाल्टिननं काढलंच तसं होतं. कुणीतरी फार आवडतं माणूस समोर उभं असावं तसे ते डोळे.

वसंतात चित्र डेट्रॉइटला जाणार असं ठरलं. एवढं मोठं कापड खांबाला गुंडाळून रेल्वेनं न्यायचं. तिथून पुढं कुठं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. उतरवायच्या आदल्या दिवशी तिकीटवाल्यानं दार बंद केल्यावर मला आणि रूपर्टला आत सोडलं. चित्रकारांनी आधीच वरच्या दोऱ्या ढिल्या करायला घेतल्या होत्या, त्यामुळं आकाशाला सुरकुत्या पडल्या होत्या.

रूपर्ट बापाकडं बघत होता. मी नाही. माझं मलाच नवल वाटलं, पण काही दिवसांपासून मी त्या पाठीकडं बघेनाशी झाले होते. मी जनरलकडं बघायचे. काय बघतोय तो? कपाळ बघतोय, डोळे बघतोय, आन्सेल्म त्याच्याकडं बघून हसतोय की दमलाय की घाबरलाय, सगळं त्याला दिसतंय. त्या रंगवलेल्या माणसाचा मला असा हेवा वाटला की काय सांगू. वाटलं, धरून हलवावं त्याला.

रूपर्ट म्हणाला, आई, चल, दिवे मालवतायत.

म्हटलं, थांब जरा. आणि मचाणाच्या कठड्यावरून पुढं वाकून मी जनरलला विचारलं, अगदी हळू, शेजाऱ्याला विचारावं तसं. म्हटलं, ‘साहेब, तुम्हाला दिसतोय ना. तेवढं सांगा. तिकडं गेल्यावर दाढी ठेवली होती का हो त्यानं?’