चालू मशीन

आमच्या आप्पांना ट्रकचा गेम खेळताना बघून नवा माणूस आधी हसतो, मग त्यांचा चेहरा बघून गप्प बसतो. मागे खरोखरच वीस टन माल आहे आणि तो सकाळपर्यंत पोचवायचा आहे, असा तो चेहरा असतो.

आप्पांनी उधन्यातल्या कापडाच्या लूमवर उभं आयुष्य काढलं आणि आता ते डिंडोलीला घरी बसलेत. कॉम्प्युटर माझ्या थोरल्या भावाचा, गोपालदादाचा. दीड वर्षापूर्वी तो वहिनीला घेऊन कामरेजला वेगळा राहायला गेला, तेव्हा कॉम्प्युटर इथेच राहिला. त्या दिवशी आप्पा त्याला जे बोलले ते अख्ख्या गल्लीने ऐकलं, कारण लूमच्या खडखडाटात राहिलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. त्यानंतर दोघांनी एकमेकांना फोन केला नाही. दादा घरी आला नाही आणि आप्पांनी बोलावलं नाही. दोघेही एकाच मातीचे.

शेवटी मीच दोघांना गेममध्ये जोडून दिलं. दर रविवारी दुपारी त्यांचे ट्रक पुढेमागे चालायचे. हेडफोनवर बोलणं आमच्या गावाकडच्या बोलीत, आणि तेही फक्त रस्त्याचं. "डावीकडे ले." "पुढे टोल शे." आई भाजी निवडण्याचं निमित्त करून बाजूला बसायची. बापलेकात एवढंच उरलं होतं आणि तेही तुटेल, अशी धास्ती मला असायची.

आणि ते तुटलंच. गेमचं नवीन अपडेट आलं आणि आमच्या जुन्या ग्राफिक्स कार्डाने हात टेकले. रविवारी आप्पा काळ्या पडद्यासमोर अर्धी दुपार बसून राहिले. मी म्हटलं, दादाला फोन करून सांगा की गेम उघडत नाही. ते म्हणाले, "कसाले?" आणि उठून पाण्याची टाकी घासायला गेले. टाकी आदल्या दिवशीच घासली होती.

मग मी कार्ड शोधायला लागले. मी एका साडीच्या व्यापाऱ्याकडे ऑनलाइन फोटो चढवायचं काम करते, त्यामुळे घरात कॉम्प्युटरची तज्ज्ञ मीच. बजेट आठ हजार. तेवढ्यात नव्याचं नाव काढायचं नाही. मोठं कार्ड घेतलं तर आमचा पॉवर सप्लाय पुरत नाही, म्हणजे तोही बदला. लहान घेतलं तर पुढच्या अपडेटला पुन्हा टाकी घासा. व्हिडिओ बघून बघून डोळे गेले, तेव्हा ठरलं: जुनंच घ्यायचं, पण आठ जीबीचं आणि कमी वीज खाणारं.

जुन्या मालाचं दुकान चेतनभाईंचं. त्यांनी दोन कार्डं काढली. ताकद सारखी, किंमत सारखी. एक लग्नाचे अल्बम बनवणाऱ्या स्टुडिओतलं, मोजकंच वापरलेलं. दुसरं गेमिंग कॅफेतलं, रात्रंदिवस चाललेलं. यात विचार करण्यासारखं काय होतं? पण मी आप्पांना सोबत नेलं होतं, ही माझी चूक.

चेतनभाईंनी स्टुडिओचं कार्ड लावलं. पडद्यावर चित्र आलं, पण कार्डाचे पंखे हलेनात. आप्पांनी कार्डाला कान लावला, मग वर हात ठेवून बघितलं.

"हाई मरेल शे," ते म्हणाले.

"काका, आ बंध नथी," चेतनभाई गुजरातीत म्हणाले. "काम पडशे तो फरशे."

काम पडल्यावरच पंखे फिरतात, नवीन कार्डांची तशीच रीत असते, हे मीही समजावलं. मग कॅफेचं लागलं. ते घरघरत चालू झालं आणि दुकानातली दोन माणसं वळून बघायला लागली. आप्पांचा चेहरा खुलला. जुना लूम घ्यायचा तर चालता घ्यायचा, उभा राहिलेला फुकटही घ्यायचा नाही, हे त्यांनी मला लहानपणी अंघोळ घालताना शिकवलं होतं.

"बंद मशीन कोन लेस?" ते म्हणाले आणि पैसे काढले.

मी रस्ताभर फणफणत होते. चेतनभाईंनी बिचाऱ्यांनी दया येऊन महिनाभरात बदलून द्यायचं कबूल केलं होतं.

रविवारी गेम उघडला. कार्ड असं गरगरत होतं की आईने गिरणी चालू झाली का म्हणून विचारलं. आप्पा मजेत होते. त्या गोंगाटात हेडफोनमधलं ऐकू येईना, म्हणून मी स्पीकर लावला आणि माइक टेबलावर ठेवला. ट्रक निघाले आणि दादाचा आवाज आला.

"आप्पा, हाऊ आवाज कसाना शे?"

दीड वर्षात रस्ता सोडून विचारलेली ही पहिली गोष्ट. आईच्या हातातली गवार तशीच राहिली.

"कार्डना," आप्पा म्हणाले.

"तेल दिधं का पंखाले?"

आप्पांनी ट्रक कडेला लावला. मग म्हणाले, "माले दिसत नही. तू ये."

आप्पांना अजून सुईत दोरा ओवता येतो. 

दादा बुधवारी आला, वहिनी आणि मशीनच्या तेलाची बाटली घेऊन. कार्ड उघडलं, पंख्यांत थेंब थेंब तेल सोडलं. आप्पा शेजारी बॅटरी धरून उभे. आवाज निम्मा झाला. "पंधरा दिवस चाली," दादा म्हणाला. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला आणि जेवून गेला. मला आत जाऊन तोंड धुवावं लागलं.

महिना भरत आला तेव्हा चेतनभाईंचा फोन आला. स्टुडिओचं कार्ड अजून आहे, बदलायचं तर उद्या शेवटचा दिवस. मी फोन आप्पांच्या तोंडासमोर धरला.

"त्या कार्डले तेल लागस का?" आप्पांनी गल्लीभर ऐकू जाईल असं विचारलं.

चेतनभाई अभिमानाने म्हणाले, "ना काका, कभी नहीं."

"मंग नको," आप्पा म्हणाले.