डाव्या खुराची फिर्याद

मी एक तांबूस घोडी बोलतेय. मला नाव एकच आहे. नावं ठेवणारे मात्र पुष्कळ.

पाय मागितला की मी लगेच देत नाही. चार वर्षांची होते, तेव्हा एका घाईतल्या नालबंदाने माझा खूर इतका खोल तासला की आतला जिवंत भाग दुखावला. वर नाल ठोकला, तो वेगळाच. पंधरा दिवस तीन पायांवर काढले. तेव्हापासून कुणाच्या हातात कानस दिसली की माझे कान मागे पडतात.

पुढे माझ्या आताच्या मालकिणीने, ताईने, मला विकत घेतलं. "ही अनवाणीच राहील," म्हणत तिने नाल काढायला लावले. मला वाटलं, सुटले! पण नाल काढले म्हणून खूर वाढायचे थांबतात थोडेच? तासायला कुणी आलंच नाही आणि मी डाव्या पुढच्या पायाला ठेचकाळू लागले. एकदा ताई माझ्या मानेवरून खाली गेली. तिचं मनगट मोडलं.

तबेला सांभाळणारे तिचे काका म्हणाले, "ढोंगी आहे ही. कामाचा कंटाळा! रविवारी गिऱ्हाईक येतंय, देऊन टाक."

त्यांना माझा संशय, मला साऱ्या माणसांचा.

शुक्रवारी ताईने, मोडका हात गळ्यात बांधलेला असतानाच, खूर तासणाऱ्या एका बाईला आणलं. कमरेला चामड्याचा पट्टा, त्यात कानस. मी कान पाडले. पण तिने पायाला हातच लावला नाही.

"आधी चालवून दाखवा," म्हणाली. फरशीवर चालवलं, खडीवर चालवलं. शेवटी ती चक्क पोटावर आडवी होऊन माझे पाय बघू लागली.

काका हसले. "मावशी, काही हरवलंय का?"

"सापडलंय. खुराची बाहेरची कड उंच राहिलीय, टोकही लांब वाढलंय. पाय सपाट टेकतच नाही. एका बाजूला उंच चप्पल घालून तुम्ही पळाल का?"

"मग करा आजच सरळ."

"एकदम केलं तर सांधे दुखतील. थोडं आज, थोडं तीन आठवड्यांनी."

थोडं! मला तो शब्दही खोटा वाटला. मी चारदा पाय हिसकावला. चारही वेळा ती थांबली आणि पुन्हा मागितला. पाचव्यांदा मी तो तिच्या मांडीवर राहू दिला, आणि तिने खरंच थोडंसंच तासलं.

रविवारी काकांनी मला गिऱ्हाइकासमोर चालवलं. खडीवर मी ठेचकाळलेच.

"लंगडी दिसते," गिऱ्हाईक म्हणालं. ताईचा चेहरा उतरला.

काका वाकून माझ्या पायाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "लंगडी नाही. आम्ही खुराकडे बघितलं नाही. विकायची नाहीये."

आता मी खडीवर खडखडीत चालते. ताई पुन्हा माझ्या पाठीवर बसते. मावशी दर पाच आठवड्यांनी येते. पाय मी देते, पण नजर तिच्या हातावर ठेवूनच.

एवढंच मागते: मुकं जनावर अडखळलं, तर त्याच्या मनातलं काळंबेरं शोधू नका. पाय कसा टेकतो ते बघा. थोडं वाकावं लागतं, इतकंच.