नवसाचा बोकड आणि तिसरा सेट

मी चतुराबाईचा बोकड बोलतोय. नांदूरघाटाच्या वरच्या अंगाला आमची वस्ती आहे. गावात मला सरपंच म्हणतात. खऱ्या सरपंचांना ते आवडत नाही, पण कुणाचंही शेत आपलंच समजून चरायची माझी सवय बघून लोकांनी ते नाव ठेवलं, त्याला मी काय करू? दिसायला काळाभोर आहे, दाढी झुपकेदार आहे, वास जरा येतो. ज्याला सोसत नाही त्यानं पलीकडं बसावं.

माझी कहाणी सांगायची तर आधी मोहिनीची सांगावी लागते, कारण माझी मान सुरीखाली जायची वेळ आली ती तिच्यापायी. मोहिनी ही चतुराबाईची लेक. बाप परमेश्वर. दिवाळी झाली की तो मेंढरांचा कळप घेऊन गोदावरीकाठी जातो आणि पाऊस लागला की परत येतो. घरात कुणी कधी खेळबिळ खेळलेलं नव्हतं. पळायचं ते मेंढरामागं, नाहीतर मेंढराच्या आधी.

पण गावात बबनराव सर राहायला आले आणि सगळं बिघडलं. हे शाळेतनं निवृत्त झालेले खेळाचे मास्तर, आणि यांना टेनिसचं वेड. शाळेमागची पडीक जागा त्यांनी मुरूम टाकून चोपली, शेणानं सारवली, चुन्याच्या रेघा ओढल्या. जाळं आणायचं कुठून? तर चतुराबाईकडं मेंढरं कोंडायची एक जुनी वाघर पडली होती. ती दोन बाभळीच्या मेढींना बांधली आणि झालं मैदान. ते जाळं पोचवायला मोहिनी गेली, सरांनी तिच्या हातात रॅकेट दिली आणि तिनं पहिलाच चेंडू असा हाणला की तो पाण्याच्या टाकीवर गेला. तो अजून तिथंच आहे म्हणतात.

पोरीच्या हातात लई जोर. सर म्हणायचे, असा हात दहा गावात नाही. पण पायांचं नाव काढू नका. अंगानं भरलेली, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर चार भाकरी सहज उठवणारी, आणि पळायचं म्हटलं की हिच्या पोटात दुखायचं. सरांनी दोरीवरच्या उड्या मारायला सांगितल्या, तर ती दोरीनं मला खुंटीला बांधायची. पहिला सेट ती जिंकायची, दुसऱ्यात धापा टाकायची आणि तिसऱ्यात कंबरेवर हात ठेवून चेंडू जाताना बघायची.

मागच्या साली अशीच जिल्ह्यात कशीबशी पार पडली आणि संभाजीनगरला विभागीय स्पर्धेत पडली. तिथल्या धनश्री नावाच्या पोरीनं तिला तिसऱ्या सेटमध्ये नुसतं इकडून तिकडं पळवून हरवलं. घरी आली ती तोंड पाडून. परमेश्वर तेव्हा निघायच्या तयारीत होता. तो वाईट माणूस नाही, पण त्याला माणसं कमी पडत होती. त्यानं सांगून टाकलं की अजून एक साल बघू. पुढच्या दिवाळीपर्यंत राज्याच्या स्पर्धेला निवड झाली तर शाळा आणि खेळ चालू दे, नाहीतर पोरीनं कळपाबरोबर यायचं.

त्या दिवशी चतुराबाई जेवली नाही. संध्याकाळी तिनं मला दाव्यानं ओढत टेकडीखालच्या म्हसोबापुढं नेलं. मी तेव्हा सात महिन्यांचा, कोवळा, मला वाटलं फिरायला चाललोय. तिनं माझ्या कपाळाला भंडारा लावला, गळ्यात लाल फडकं बांधलं आणि हात जोडून म्हणाली, "देवा, पोरगी राज्याला गेली तर ह्यो बोकड तुझा."

मी शेपूट हलवली. एवढं अज्ञान होतं.

आता आमच्या भागात नवसाच्या बोकडाचा थाट तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. तो देवाचा. त्याला विकत नाहीत, बांधत नाहीत, आणि मारत तर मुळीच नाहीत. त्यानं कुणाच्या शेतात तोंड घातलं तरी मालक दगड उचलतो, गळ्यातलं लाल फडकं बघतो आणि दगड खाली ठेवतो. मग मला काय, रानच मोकळं मिळालं. सकाळी शेजारच्या धुळाजीची तूर, दुपारी कुणाचा तरी हरभरा, उन्हं कलली की टेकडीवरचा पाला. धुळाजीच्या तर मी नाकी नऊ आणले. मला मारता येईना म्हणून तो आमच्या दारात येऊन चतुराबाईच्या नावानं शंख करायचा.

मग मला आणायला कोण जाणार? परमेश्वर गोदावरीकाठी, चतुराबाईचे गुडघे दुखतात. राहिली मोहिनी. पहिल्या दिवशी ती माझ्यामागं धुळाजीच्या बांधापर्यंत पळाली आणि तिथंच फतकल मारून बसली. शिव्या द्यायलासुद्धा तिला दम पुरेना. मी थांबून तिच्याकडं बघितलं, एक शेंग खाल्ली, मग पुढं निघालो.

पण पोरगी चिवट. रोज पळायला लागली. मला हात लावता येतो असं वाटेपर्यंत मी येऊ द्यायचो आणि मग सटकायचो. डावीकडं मान वळवायची आणि उजवीकडं उडी घ्यायची, ही माझी जुनी खोड. आधी ती दर वेळी फसली, तोंडावर पडली, गुडघे फोडून घेतले. मग हळूहळू तिला कळलं की माझ्या मानेकडं बघायचं नाही, खांद्याकडं बघायचं. उन्हाळ्यात तिनं मला ओढ्यात गाठलं. पहिल्या पावसाळी आठवड्यात टेकडीच्या निम्म्यात. मला तिचा राग यायचा आणि, खोटं कशाला बोलू, मजाही यायची. दिवसभर कुणीतरी आपल्याच मागं आहे, यात एक मान असतो.

श्रावणात एकदा ती मला टेकडीच्या माथ्यावरून काढून, मैदानाला वळसा घालून घरी आणत होती. बबनराव सरांनी बघितलं. ते आमच्या अंगणात आले, मोहिनीच्या मनगटावर बोट ठेवून घड्याळाकडं बघत बसले आणि पुन्हा बघत बसले. मग चतुराबाईला विचारलं, "पोरीचा दम दुप्पट झालाय. काय खायला घालता हिला?"

"काय न्हाई," चतुराबाई म्हणाली. "बोकडामागं पळती."

मी शेजारीच कडबा चघळत होतो. घास तोंडातच राहिला. मी पळतो म्हणून ती पळते. ती पळते म्हणून तिचा दम वाढतो. दम वाढला की ती जिंकणार, आणि जिंकली की मी गेलो. वर्षभर मी माझ्याच मानेसाठी सुरी घासत होतो आणि त्या आनंदात उड्या मारत होतो! बोकडाला अक्कल कमी म्हणतात ते तोवर मी मानत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी गोठ्यातनं उठलोच नाही. समोर दार सताड उघडं, पलीकडं धुळाजीची तूर हिरवीगार, पण मी हललो नाही. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. चतुराबाईनं ओवा चारला, गूळ चारला, दृष्ट काढली. तिसऱ्या दिवशी धुळाजी स्वतः चौकशीला आला. तूर शाबूत बघून त्याचा जीव घाबरा झाला होता. मोहिनी सरांकडं जाऊन दोरीवर उड्या मारून आली म्हणे, पण कंटाळून शंभरात थांबली. मला बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं, पण बरं जास्त.

चौथ्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं आता ही उठ म्हणेल, शेपूट पिरगाळेल. तिनं काहीच केलं नाही. माझ्या गळ्यातलं फडकं सोडलं, सरळ केलं, पुन्हा बांधलं. मग हळूच म्हणाली, "उठू नको. मला समदं ठाव हाय. मी हरले तर मेंढरामागं जाईन, काय व्हतंय त्याला? तू बस इथंच."

आणि रडायला लागली. आवाज न करता रडत होती, आई चुलीजवळ होती म्हणून.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? शहाण्यानं बसून राहायला हवं होतं. पण आम्हा बोकडांची जातच अशी, उठ म्हटलं तर बसू आणि बस म्हटलं तर उठू. मला भयंकर राग आला. माझ्या जिवाचा निवाडा करणारी ही कोण? मी ताडकन उठलो, तिला ढुशी दिली आणि धुळाजीच्या तुरीकडं असा सुटलो की तसा कधी सुटलो नव्हतो. तिनं डोळे पुसले की नाही ते मला बघायला मिळालं नाही, पण मागून पावलं वाजत होती.

विभागीय स्पर्धेला मी गेलो नाही. एसटीत बोकडाला घेतात, पण सरांनी घेऊ दिलं नाही. पुढचं सगळं त्यांनीच अंगणात उभं राहून, हातात लाटणं घेऊन करून दाखवलं. अंतिम सामन्यात समोर तीच धनश्री. पहिला सेट मोहिनी हरली, कारण तिथलं मैदान सिमेंटचं आणि आमचं शेणाचं, तिथं चेंडू जरा जास्तच उसळायचा. दुसरा तिनं काढला. तिसऱ्यात चार-चार बरोबरी असताना धनश्री गुडघ्यावर हात टेकून वाकली. मोहिनी चवड्यांवर नाचत उभी होती, तोंड मिटून, नाकानं श्वास घेत. धनश्रीनं डावीकडं बघून उजवीकडं मारलं, तर मोहिनी आधीच उजवीकडं. पुन्हा मारलं, तरी ती तिथं. सर म्हणाले, त्या पोरीचे आईबाप शेवटी विचारायला आले की तुमच्या मुलीकडून तयारी कोण करून घेतं. सरांनी काय उत्तर दिलं ते त्यांनी सांगितलं नाही. लाजले असतील.

मोहिनी राज्याला गेली. आणि चतुराबाईनं मसाला वाटायला घेतला.

खरं सांगतो, सगळ्यांत वाईट तो वास. खोबरं भाजल्याचा, धने भाजल्याचा. पाहुणे चौसाळ्यापासून आले, आणि येणारा प्रत्येक जण माझ्या पाठीवरून हात फिरवून वजनाचा अंदाज घ्यायचा. नवस बोलला तो फेडायचा, यात चतुराबाईच्या मनात दुसरा विचारच येत नसावा, असं मला वाटलं.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी मरणाची थंडी. म्हसोबापुढं मला उभं केलं. आमच्यात अशी रीत आहे की बोकडाच्या पाठीवर पाणी घालायचं. त्यानं अंग झाडलं तर देवाला तो हवा आहे. तीनदा घालूनही झाडलं नाही, तर देवाला नको, सोडून द्यायचा. आजवर कुणी झाडलं नाही असं ऐकिवात नाही. अशा थंडीत विहिरीचं पाणी पाठीवर पडल्यावर दगडसुद्धा झाडेल.

परमेश्वरनं तांब्या उचलला. मोहिनी पुढं झाली आणि म्हणाली, "नवस माझ्यासाठी व्हता. पाणी मीच घालणार." कुणाला ते चूक वाटलं नाही. तिनं घरून कळशी आणली होती, वर टॉवेल झाकलेला. मी डोळे मिटले. पहिली धार पाठीवर पडली.

ऊन ऊन पाणी! चुलीवरचं! माझ्या हाडापर्यंत ऊब गेली. अंग झाडायचं सोडा, मला झोप यायला लागली. तिनं दुसऱ्यांदा घातलं, सावकाश, मानेपासून शेपटीपर्यंत. तिसऱ्यांदा घातलं. मी खांबासारखा उभा. पण त्या गार हवेत माझ्या पाठीवरून वाफांचे लोटच्या लोट निघाले. पाहुणे बघायला लागले. धुळाजी पुढं वाकला आणि म्हणाला, "ह्याच्यातनं वाफ कावून निघतीय?"

मोहिनीनं रिकामी कळशी पुन्हा टॉवेलनं झाकली. चतुराबाई जवळ आली. तिनं माझ्या पाठीवर तळवा ठेवला, चांगला दाबून ठेवला, आणि लेकीकडं बघितलं. आता संपलं, असं मला वाटलं.

मग ती धुळाजीकडं वळली. "सालभर पळालेलं जनावर हाय," ती म्हणाली. "अंगात गरमी ऱ्हातीच. देवाला नको हाय त्यो. सोडा."

पाहुण्यांना त्या मसाल्यात वांगी घालून वाढली. ते काही खूश झाले नाहीत. सगळे गेल्यावर चतुराबाई पुरणाची पोळी घेऊन एकटीच म्हसोबाकडं गेली. मीही मागोमाग गेलतो. तिनं देवापुढं नाक घासलं, पोरीचं चुकलं, पदरात घे, म्हणून किती वेळ विनवत होती. स्वतःचं नाव मात्र तिनं घेतलं नाही.

मोहिनी राज्याच्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीत हरली. तरी तिला पुण्यात खेळाडूंच्या वसतिगृहात जागा मिळाली. परमेश्वर स्वतः तिला सोडून आला आणि मग कळप घेऊन गेला. फोनवर ती आधी आईला विचारते, मग मला. तिथं म्हणे तिला पळायला यंत्र आहे. जागच्या जागी पळायचं, समोर कुणीच नाही. मला ते ऐकून कसंतरी झालं.

मी आता जन्मभराचा मोकळा. कसली भीती नाही. सकाळी धुळाजीच्या तुरीत जाऊन उभा राहतो आणि मागं वळून बघतो. धुळाजी येतो, शिव्या देत नाही. देवानं सोडलेला म्हणून लांबूनच हात जोडतो. हात जोडल्यावर तूर गोड लागत नाही, हे मी कुणाला सांगू? पोट सुटलंय. टेकडी अर्धी चढलो की धाप लागते.

तुम्ही कधी नांदूरघाटाकडं आलात आणि एखाद्या शेतात लाल फडक्याचा, दाढीवाला काळा बोकड उगाच उभा दिसला, तर हात जोडू नका. चपला काढून ठेवा, जोरात शिवी घाला आणि माझ्यामागं पळा. मी फार लांब जाणार नाही.