माफीचे हात

जुन्या क्लबविरुद्ध गोल केला तर आनंद साजरा करायचा नाही, दोन्ही हात वर करून माफी मागायची, असा फुटबॉलवाल्यांचा रिवाज आहे. नील होलरॉइडने तो इमानेइतबारे पाळला होता. पण इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनमधल्या निम्म्या क्लबांचं मीठ त्याने खाल्लेलं, त्यामुळे कुठेही गोल केला तरी याचे हात वर. तुला नाचायचं असेल तर मॅच चंद्रावर ठेवावी लागेल, असं कॅप्टन मॅकी म्हणायचा.

आता छत्तिशीत गुडघे कुरकुरायला लागले होते आणि करार आजच्या मॅचबरोबर संपत होता. ब्रॅकनफर्डचा मॅनेजर टर्नबुल याला त्याने पुढच्या सीझनचं विचारलं, तर तो म्हणाला, डिव्हिजनमध्ये टिकलो तर बघू. हे 'बघू' नीलने जन्मभर ऐकलं होतं. त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'सामान बांध' असाच निघाला होता.

टिकायचं तर आज जिंकायलाच हवं होतं, आणि मैदान होतं हार्ल्सबीचं. हार्ल्सबी हरले तर ब्रॅकनफर्डऐवजी तेच खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार. याच हार्ल्सबीने नीलला पोरवयात खेळायला शिकवलं आणि मिसरूड फुटताच नारळ दिला. त्याचे वडील क्लिफ मात्र अजून तिथल्या गोलमागे उभे राहत. सकाळी त्यांचा फोन आला.

"तू गोल केलास तर मी शिव्या घालणार, तो माझा हक्क आहे," ते म्हणाले. "पण ते माफीचे हात वर करू नकोस. घाम गाळल्याची कसली माफी?"

"डॅड, मी मधल्या फळीतला हमाल. मला कोण गोल करू देतंय?"

पण नशिबाला थट्टा सुचली. पहिल्या हाफमध्ये नीलने एकाचा शर्ट ओढून पिवळं कार्ड ओढवून घेतलं. मग एक-एक अशी बरोबरी झाली, ती काही केल्या सुटेना. मॅच संपत आली तेव्हा हार्ल्सबीच्या एका खेळाडूच्या हाताला चेंडू लागला आणि पेनल्टी मिळाली. नेहमी पेनल्टी मारणारा लंगडत बाहेर गेलेला. बाकीचे आपापले बूट न्याहाळायला लागले, तेव्हा मॅकीने चेंडू गुपचूप नीलच्या हातात दिला.

गोलमागे वडील. नीलने चेंडू ठिपक्यावर ठेवला. तो धावला, गोलकीपर डावीकडे झेपावला आणि चेंडू मधोमध जाळ्यात गेला.

सवयीने हात अर्धे वर गेलेच. तेवढ्यात त्याला वडील दिसले. शब्दाला जागून लाखोली वाहत होते. ते बघून त्याला हसू फुटलं, इतक्या वर्षांचं दडपलेलं काहीतरी सुटलं आणि तो ब्रॅकनफर्डच्या चाहत्यांच्या दिशेने धावत सुटला. धावता धावता शर्ट काढून गरगरा फिरवला.

शर्ट काढला की पिवळं कार्ड, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण याला आनंद करायची सवयच नव्हती. रेफरीने दुसरं पिवळं दाखवलं आणि लगेच लाल.

नियमाप्रमाणे ड्रेसिंग रूममध्ये जाऊन बसावं लागलं. बाहेर ब्रॅकनफर्डचे दहाच जण. नीलला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. भिंतीपलीकडून हार्ल्सबीच्या गर्दीचा आवाज चढायचा आणि तो कान टवकारायचा. गर्दी ओरडली की बरोबरी झाली, खेळ खलास. एकदा आवाज इतका चढला की त्याने टॉवेलमध्ये तोंड खुपसलं. मग तो आवाज लांबलचक 'हाय'मध्ये विरला. चेंडू बाहेर गेला असणार.

नंतर सगळं चिडीचूप झालं, म्हणजे हार्ल्सबी हरले. वडील आता मफलर गुंडाळून घरी निघाले असतील, या विचाराने त्याला भडभडून आलं.

सिमेंटवर बुटांचे खिळे वाजले. आरडाओरडा करत पोरं आत घुसली, त्यांच्या मागून टर्नबुल आला, घामाने निथळत. नीलने मान वर केली नाही.

"गाढवा," टर्नबुल म्हणाला, "या लाल कार्डापायी पुढच्या सीझनची पहिली मॅच तू बाहेर बसणार. दुसऱ्या मॅचला मला तू धडधाकट हवा आहेस. ते गुडघे दाखवून घे."

नीलने दोन्ही हात वर केले.